सगुणाचा लावणीचा दिवस

सगुणाच्या तोंडाला अख्खी वाडी टरकून असायची. बाई वाईट नव्हती हो, पण कुणाचं फुकट घ्यायचं नाही आणि कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, हे दोन हट्ट ती माहेराहूनच घेऊन आली होती. दगडी गडग्यापलीकडच्या दमयंतीनं वाटीभर साखर दिली, तर सांजेला वाटी परत यायची, आणि तीही रिकामी नाही. चार आमसुलं नाहीतर मूठभर सुकट त्यात असायचीच.

"अगो, शेजारीण हाय मी, वाण्याचं दुकान नाय," दमयंती वैतागायची.

"असशील. पण कुणाचं राहिलं की मला झोप लागत नाय," सगुणा म्हणायची, आणि विषय संपायचा.

तिचा नवरा गंगाराम मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरवर खलाशी. आठवडा आठवडा दर्यावर. मुलगी वेदिका रत्नागिरीत कॉलेजला. घरामागं भाताचे दोन लहान कुणगे, आणि सगुणाची नोकरी काजूच्या कारखान्यात. तिथं ती कटरवर बसायची. उकडलेली बी पात्याखाली धरायची, पायानं दाबायचं, टरफल दुभंगलं की गर काढून घ्यायचा. टरफलातला चीक मोठा हरामखोर, लागेल तिथली कातडी जाळतो. म्हणून बायका हाताला तेल चोपडून बसायच्या आणि तरी बोटं काळी करून घ्यायच्या.

दोन वर्षांमागं सगुणाचं तोंड आलं. आधी ओठाच्या आत, मग गालात, मग टाळ्याला. भात गिळवेना, तिखटाचं तर नाव नको. कारखान्यातल्या बायकांना आयतं चघळायला मिळालं. "गर चोरून खाल्लान असेल. चीक लागला तोंडाला, दुसरं काय!" एकजण हसत हसत म्हणाली, बाकीच्या फिदीफिदी हसल्या. बोलणारणीच्या मनातही काही नव्हतं म्हणा. पण सगुणा ताडकन उठली, पदर झटकून दाखवला, तोंड वासून दाखवलं आणि म्हणाली, "एक गर निघाला तर जीभ कापून देते." दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही. मुकादम बोलवायला आला तर त्याला अंगणातूनच वाटेला लावला.

नोकरी सुटली, चीक सुटला, पण तोंड काही बरं होईना. उलट छातीवर, पाठीवर फोड उठले. पाण्यानं टरारलेले, बोट लागलं की फुटणारे. फुटले की खाली लालभडक मांस, आणि आजूबाजूची कातडी नुसती घासली तरी सरकायची. वाडीत ज्याला त्याला कारण ठाऊक. चीक भिनला अंगात. गंगाराम सुटीवर आला, त्यानं बायकोची पाठ बघितली आणि कुऱ्हाड घेऊन परसात गेला. तिथली काजूची झाडं त्यानं मुळापासून तोडली. धडधाकट, फळतं झाड पाडताना माणूस रडतो का? गंगाराम रडत होता. आणि त्या आठवड्यात सगुणाच्या मांड्यांवर नवे फोड आले.

मग जे होतं तेच झालं. कुणी म्हणालं नागीण, कुणी म्हणालं देवीचा कोप, कुणी नुसतंच नाकाला पदर लावून रस्ता बदललान. लागट असेल, लेकरंबाळं हायत घरात, असं बोलत बोलत माणसं पांगली. उरली एकटी दमयंती. तिचा नवरा वारलेला, मुलगा मुंबईला, लागायचंच कुणाला? तिनं सरळ गडगा ओलांडला.

सगुणाला कापड सोसवत नव्हतं. साडी, चादर, जे काही अंगाखाली जाईल ते जखमांना चिकटायचं, आणि सोडवताना कातडी घेऊन यायचं. तेव्हा ती बाई अशी ओरडायची, की वाडीतली कुत्रीसुद्धा गप्प व्हायची. दमयंतीनं आपल्या परसातली केळीची कोवळी पानं कापून आणली, धुतली, खोबरेल लावलं, आणि त्यावर सगुणाला निजवली. पान चिकटत नाही. रोज सकाळी जुनी पानं काढायची, नवी घालायची, आणि पेज चमच्यानं, जिभेला न लागेल अशी घशात सोडायची. त्या साली सगुणाची लावणीही दमयंतीनंच बायका गोळा करून उरकून दिली. आमच्याकडं लावणीला दिवसाला दिवस असतो. आज मी तुझ्या मळ्यात वाकले, उद्या तू माझ्या मळ्यात वाकायचं. सगुणा पानांवर पडून सगळं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"दुखतंय?" दमयंतीनं विचारलं.

"नाय. हे सगळं कधी फेडू मी?"

"गप गो. मरायला टेकलीस आणि हिशेब कसले करतेस!"

रत्नागिरीत गोळ्या मिळाल्या. त्यांनी चेहरा सुजून भोपळा झाला, पण फोड थोडे दबले. गोळ्या कमी केल्या की दुप्पट जोरानं आले. शेवटी डॉक्टरांनीच कोल्हापूरला पाठवलं. बाईमाणसाच्या वॉर्डात रात्री गंगारामाला राहू देईनात, म्हणून सोबतीला दमयंती गेली. तिथं कातडीच्या डॉक्टर होत्या मनस्विनी म्हणून, वयानं लहान, पण बोलायला खमक्या. त्यांनी जखमेच्या कडेचा तुकडा काढून तपासला, रक्त तपासलं, आणि खुर्ची ओढून दोघींपुढं बसल्या.

"मावशी, चिकाचा यात काही दोष नाही. लागटही नाही हे. आजार यांच्या रक्तातूनच आलाय."

"रक्त खराब झालंय?" दमयंतीनं विचारलं.

"खराब नाही, चुकलंय. बघा, आपल्या रक्तात बी-पेशी नावाच्या पेशी असतात. बाहेरचा जंतू आत आला की त्या त्याला ओळखतात आणि त्याला जाऊन चिकटेल अशी अँटीबॉडी बनवतात. ज्या जंतूची अँटीबॉडी, ती त्यालाच चिकटते, दुसऱ्याला नाही. लहानपणी गोवर आला की परत येत नाही ना? ते यांच्यामुळं. लस टोचतात तीसुद्धा या पेशींना आधीच शत्रूची ओळख करून द्यायला. आता सगुणाताईंच्या काही बी-पेशींची ओळखण्यात गल्लत झालीय. कातडीच्या पेशी एकमेकींना ज्या बंधानं धरून असतात, तो बंधच त्यांना शत्रू वाटतोय. त्यांच्या अँटीबॉडी जाऊन त्याच्यावर बसतात, पेशी एकमेकींचा हात सोडतात, आणि मधे पाणी भरतं. तो हा फोड."

दमयंती म्हणाली, "म्हणजे कुंपणच शेत खातंय म्हणायचं!"

"अगदी तसंच."

"मग करायचं काय?"

"कुंपण काढायचं. सलाईनमधून एक औषध देतात, ते बी-पेशी मारून टाकतं. चांगल्या, वाईट, सगळ्या. त्यातलं वेगळं काढता येत नाही. नव्या पेशी यायला सहा महिने, कधी वर्षही लागतं."

"आणि तोवर गुरं शिरली तर?"

"तीच तर भीती आहे. आधी बनून राहिलेल्या जुन्या अँटीबॉडी थोडंफार सांभाळतील. पण नवा जंतू आला तर त्याला ओळखणारं आत कुणी नसणार. म्हणून गर्दी नाही, घाण पाणी नाही. तुम्ही कोकणातल्या, म्हणून मुद्दाम सांगते. लावणीच्या चिखलात पाय घालायचा नाही. उंदराच्या मुतातून लेप्टोचा जंतू येतो त्या पाण्यात, तुम्हाला ठाऊक आहे. आणि जरा कणकण वाटली, तरी त्याच दिवशी दवाखाना."

"तुम्ही घोर करू नका," दमयंती म्हणाली. "मी बसलेय ना शेजारी. बघते कशी जाते चिखलात ती!"

हे ती बोलली. सगुणाच्या देखत, डॉक्टरांच्या देखत, छाती ठोकून बोलली.

औषध दिलं, पंधरवड्यानं परत दिलं. आणि खरं सांगतो, उन्हाळ्याच्या अखेरीला सगुणाची कातडी धरली. जिथं मांस दिसायचं तिथं काळपट डाग पडले, पण डागच ते, जखम नाही. एक दिवस ती दमयंतीच्या पडवीत येऊन बसली, पानात लोणच्याची फोड वाढून घेतली, आणि जिभेवर ठेवून डोळे मिटून बसली. "झोंबतंय?" दमयंतीनं घाबरून विचारलं. "झोंबतंय तर! पण लोणचं झोंबतंय गो, तोंड नाय झोंबत," म्हणत सगुणा खदखदून हसली. मग तिनं वाडीतल्या एकेकीचा समाचार घेतला. कोण कसं नाकाला पदर लावून गेलं, सगळं तिच्या लक्षात होतं. दमयंतीला इतका आनंद झाला, की तिनं त्या शिव्या पोटभर ऐकल्या.

आषाढ आला. सगुणाचे कुणगे गंगारामानं त्या साली दुसऱ्याला करायला दिले होते. मासेमारी बंद, म्हणून तो घरीच असायचा, दिवसभर मात्र बंदरावर जाळी विणायला. आरोग्य खात्याची आशाताई येऊन लावणीच्या बायकांना लेप्टोच्या गोळ्या वाटून गेली. सगुणाला दिल्या नाहीत. ती शेतात उतरणार नव्हती, द्यायच्या कशाला?

दमयंतीची लावणी त्या सुमाराला आली. पॉवर टिलरवाला एकदाचा मिळाला होता, चिखल करून गेला होता, तरवा काढून रोपांच्या मुठी टाकल्या होत्या. आणि ऐनवेळी एक बाई आली नाही. पाऊस दम धरू देत नव्हता. आज लावलं नाही तर मुठी पिवळ्या पडणार, टिलरवाला परत कुठला मिळायला! दमयंती कंबर धरून बांधाकडं बघते तो सगुणा उभी. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, साडी खोचलेली.

"तू कशाला आलीस?"

"लावणीला. दुसरं कशाला येतात मळ्यात?"

"डॉक्टरीण काय म्हणाली होती?"

"ती कोल्हापुरात म्हणाली. अगो, एक जखम नाय अंगावर माझ्या आता. बघ हवं तर." आणि मग आवाज उतरला तिचा. "गेल्या साली माझी लावणी कुणी केलीन? मला घरात बसवत नाय दमे. खिडकीतून तुम्हाला वाकलेल्या बघते आणि घास उतरत नाय. एक दिवस. एकच दिवस भरू दे."

या वेळी दमयंतीनं तिचा दंड धरून तिला घरी पोचवायला हवी होती. शिव्या घालायच्या, गंगारामाला फोन लावायचा, काहीही करायचं. तिला सगळं ठाऊक होतं, कुंपण आणि गुरं तिनंच तर काढली होती तोंडातून. पण तिनं पडलेल्या मुठींकडं बघितलं. बाई एक कमीच होती. आणि बरं वाटलं हो तिला, कशाला खोटं बोला! वर्षभर ज्या बाईचं अंग पानांवर फिरवलं, ती धडधाकट उभी राहून काम मागत होती. दमयंती बाजूला सरकली आणि रांगेत तिला जागा करून दिली.

दिवस मजेत गेला, हेच वाईट. सगुणा पोटरीभर चिखलात सरासर मागं सरकत लावत होती, तोंडाचा पट्टा चालू, बायका हसून हसून वाकड्या. दिवेलागणीला ती बांधावर चढली, पाय धुतले आणि म्हणाली, "ह्यांना सांगू नको हां. फिटला बाई माझा दिवस." त्या रात्री तिला गाढ झोप लागली म्हणे.

आठवडा गेला असेल. सगुणा दोन दिवस दिसली नाही म्हणून दमयंती डोकावली, तर ही गोधडी घेऊन पडलेली. कपाळाला हात लावला, तवा!

"ताप हाय गो तुला!"

"अंगमोड हाय नुसती, ह्यांनाही तेच सांगितलंय. गोळी घेतलेय. कुणाला बोलू नको. दवाखान्यात नेतील, मग विचारतील कुठं गेली होतीस, आणि हे तुझ्यावर उखडतील. उद्या उतरतोय."

दमयंती गप्प बसली. माझ्यावर उखडतील, हे तिच्याही मनात आलंच होतं. एक दिवस बघू, असं ती स्वतःला म्हणाली. दुसऱ्या दिवशी सगुणाचे डोळे लाल झाले, पोटऱ्या धरून ती कण्हायला लागली. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे. सुटीला घरी आलेल्या वेदिकानं आरडाओरडा करून रिक्षा आणली आणि आईला रत्नागिरीला नेऊन दाखल केलं.

दमयंती दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं पोचली. गंगाराम जिन्यात बसला होता, पार खचलेला.

"काय म्हणतात?"

"कावीळ झालेय. लघवी बंद झालेय. लेप्टोची तपासणी केली त्यांनी, नाय निघाला. मलाही विचारलान, शेतात गेली होती काय? म्हटलं, घराबाहेर पाय नाय टाकत ती. तिला विचारलं तर तीही नायच म्हणाली. आता म्हणतायत, आधीच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडलं असेल."

तपासणीत नाही निघाला म्हणजे नसेलच की! तोंड उघडायची गरज काय? असंही दमयंतीच्या मनात येऊन गेलं. मग तिला वाटलं, आपण आता गप्प राहिलो तर आपल्यासारखी रांड दुसरी नाही.

"गंगारामदादा, ती माझ्या मळ्यात होती. दिवसभर. चिखलात."

गंगारामानं मान वर केली. "तू नेलीस?"

"नेली नाय मी. आली ती. पण परत धाडली नाय."

गंगाराम उठला. तो मारणार असं तिला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. पण तो वळला आणि धावत वॉर्डात गेला. वेदिकानं कोल्हापूरला फोन लावून इथल्या डॉक्टरांच्या हातात दिला. मनस्विनी डॉक्टरांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "ती तपासणी अँटीबॉडी शोधते, लेप्टो नाही शोधत! या बाईच्या रक्तात नवी अँटीबॉडी बनवणारंच कुणी उरलेलं नाही, तर सापडणार काय? तपासणी नाही म्हणाली म्हणून थांबू नका. चिखलात होती ना? मग लेप्टो धरून चला, आत्ताच्या आत्ता." वॉर्डातल्या पोरगेल्या डॉक्टरानं तशीच धाव घेतली. इंजेक्शनं सुरू झाली, रक्त धुवायचं मशीन लावलं. संध्याकाळी तो बाहेर येऊन म्हणाला, "तीन दिवस आधी आणायला हवं होतं." तीन दिवस आधी दमयंतीचा हात तिच्या कपाळावर होता.

थोड्या वेळानं तिला आत सोडलं. सगुणा हळदीसारखी पिवळी पडली होती, श्वासाला धाप. पण शुद्धीवर होती. दमयंतीला बघून तिनं ओठ हलवले. दमयंती वाकली.

"सांगितलंस ना शेवटी? तोंडाळ मेली." मग जरा दम घेऊन, "असू दे. फिटला ना माझा दिवस?"

दमयंतीच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. फिटला म्हटलं तर ही आता हात सोडेल, असं वाटलं तिला. या बाईला झोप लागायची ती देणं फिटल्यावरच, हे तिला आयुष्यभर ठाऊक. आणि आज झोपू द्यायची नव्हती. चिडली तर जगेल. चिडूनच जगत आलेली बाई ही.

"कसला फिटतोय?" दमयंती म्हणाली. "अर्धाच भरलास. दुपारनंतर कुठं होतीस? अर्धा दिवस बाकी हाय तुझ्याकडं माझा. उठ, आणि फेड आधी."

सगुणाचे पिवळे डोळे मोठे झाले. "खोटारडी," ती म्हणाली. "दिवेलागणीपर्यंत होते मी."

"नव्हतीस. उठून भांड माझ्याशी, मग बघू."

सगुणानं कोपर टेकून उठायची धडपड केली. खांदा वीतभर उचललान, आणि पडली. नर्स धावत आली. सगुणानं दमयंतीकडं एकदा बघितलं. त्यात राग नव्हता, नुसती शरम होती, कुणाचं तरी घेऊन बसल्याची. मग तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. दमयंतीनं हाका मारल्या, हात दाबला, पाय चोळले. ती वळली नाही. नर्सनं दमयंतीला बाहेर काढलं.

सकाळी डॉक्टरांची फेरी यायच्या आधी सगुणा गेली.

वेदिकानं आतून हंबरडा फोडला तशी दमयंती आत शिरली आणि सगुणाच्या कानाला तोंड लावून सांगायला लागली, "पुरा भरलास गो दिवस, सगळा भरलास, माझं काही नाय तुझ्याकडं, सगुणा, ऐक ना, काही नाय." तेच तेच ती सांगत राहिली. गंगारामानं हात धरून उठवलं तरी तिचं बोलणं थांबेना.